गुरखा म्हणजे वॉचमन? ५ गोरखा रायफल्सची गोष्ट

(हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, वाचायला अडखळायला होऊ नये म्हणून थोडं नीट केलंय इतकंच.)

इयरफोन लावलेत ना? मग आधी एक आवाज आठवा. रात्रीचे दोन वाजलेत, गल्ली झोपलीये, आणि लांबून काठी आपटल्याचा आवाज येतोय. ठक्. ठक्. मग एक लांब शिट्टी. ज्यांचं लहानपण चाळीत किंवा जुन्या सोसायटीत गेलं, त्यांना हा आवाज नक्की माहीत असणार. आणि अंथरुणातून आजी म्हणायची, "झोप आता, गुरखा आला."

आपल्याकडे गुरखा या शब्दाचा अर्थच तो झाला ना? गुरखा म्हणजे रात्रीचा पहारेकरी. महिन्याच्या एक तारखेला दारावर येऊन सलाम ठोकणार आणि दहा-वीस रुपये घेऊन जाणार. त्याचं नाव काय? बहादूर. सगळ्यांचंच नाव बहादूर. आम्ही तरी कधी दुसरं नाव विचारलं नाही.

आमच्या कल्याणच्या बिल्डिंगलाही असे एक बहादूरकाका होते. मी चौथीत असल्यापासून बारावीपर्यंत रोज त्यांना बघत होते. त्यांच्या खोलीत, म्हणजे जिन्याखालच्या त्या खोक्यात, एक फोटो होता. हिरवा गणवेश, डोक्यावर एका बाजूला तिरकी केलेली मोठी फेल्ट हॅट, तिचा पट्टा ओठाखाली. मला वाटायचं ते काकांचाच तरुणपणीचा फोटो आहे. बारावीचा निकाल लागला तेव्हा पेढे द्यायला गेले आणि सहज विचारलं, "काका, ये आप हो?" ते हसले. म्हणाले, "नहीं बेटा, मेरा दाजु है. पाँच गोरखा में था. मैं तो भरती में फेल हो गया. छाती कम पड़ गई."

दाजु म्हणजे मोठा भाऊ. आणि पाँच गोरखा म्हणजे? मी घरी येऊन शोधायला लागले. आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण ते शोधणं काही संपलं नाही. आजचा भाग त्यातूनच आलाय. आज मी तुम्हाला ५ गोरखा रायफल्स या रेजिमेंटची गोष्ट सांगणार आहे. आणि शेवटी काकांच्या घरचीच एक गोष्ट सांगणार आहे, जी या रेजिमेंटच्या पुढच्या काळाशी जोडलेली आहे.

शत्रूच आवडला

सुरुवात करू नावापासून. गोरखा हे जातीचं नाव नाही, ते गावाचं नाव आहे. नेपाळच्या मध्यभागी डोंगरात गोरखा नावाचं एक छोटं राज्य होतं. तिथल्या पृथ्वीनारायण शाह या राजानं अठराव्या शतकात आजूबाजूची राज्यं जिंकून आजच्या नेपाळचा पाया घातला. त्याच्या फौजेला लोक गोरखाली म्हणायला लागले. त्या फौजेत मगर होते, गुरुंग होते, ठकुरी, छेत्री होते. पूर्वेकडचे राई आणि लिंबू नंतर आले. म्हणजे गोरखा ही एक जमात नाही, अनेक डोंगरी समाजांचं मिळून पडलेलं ते नाव आहे.

१८१४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं आणि नेपाळचं युद्ध पेटलं. देहरादूनजवळ नालापानी म्हणून एक टेकडी आहे, तिथल्या खलंगा किल्ल्यात बलभद्र कुंवर काही शे माणसं घेऊन बसला होता. त्यात बायका-मुलंही होती. कंपनीची फौज कितीतरी मोठी, तोफा घेऊन आलेली. तरी पहिल्याच हल्ल्यात इंग्रजांचा जनरल गिलेस्पी मारला गेला. किल्ला काही पडेना. शेवटी इंग्रजांनी पाणी तोडलं. तेव्हा बलभद्र उरलेल्या मूठभर लोकांना घेऊन बाहेर पडला आणि निघून गेला.

आता यातली गंमत बघा. इंग्रजांनी तिथं पुढे दोन स्मारकं उभी केली. एक आपल्या मेलेल्या लोकांसाठी आणि दुसरं समोरून लढलेल्या बलभद्र आणि त्याच्या गोरखांसाठी. आणि १८१५ मध्ये, म्हणजे युद्ध पुरतं संपलंही नव्हतं तेव्हाच, कंपनीनं याच लोकांना आपल्या पलटणीत घ्यायला सुरुवात केली. शत्रू इतका आवडला, की त्यालाच पगारावर ठेवलं!

एक शब्द इथंच सांगून ठेवते, पुढे लागेल. नेपाळमध्ये परदेशी फौजेत नोकरी करणाऱ्याला लाहुरे म्हणतात. लाहुरे म्हणजे लाहोरला जाणारा. कारण त्याच काळात कितीतरी गोरखे लाहोरला महाराजा रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला जायचे. आपला बलभद्रसुद्धा पुढे तिकडेच गेला आणि १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत मारला गेला. लाहोर कधीच मागे पडलं, पण शब्द राहिला. काकांचा दाजु गावात लाहुरे म्हणूनच ओळखला जायचा.

पत्ता : अबोटाबाद

आता आपली रेजिमेंट. १८५८ साली पंजाबच्या सरहद्दीवर, हजारा भागातल्या अबोटाबादला एक नवी पलटण उभी राहिली. नाव काय, तर २५वी पंजाब इन्फंट्री, अर्थात हजारा गुरखा बटालियन. अबोटाबाद हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय? २०११ मध्ये ओसामा बिन लादेन जिथं सापडला तेच शहर. आज पाकिस्तानात आहे. पण फाळणीपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षं ते ५ गोरखाचं घर होतं.

काही वर्षांतच पलटणीला पाचवा नंबर मिळाला आणि तो आजतागायत आहे. सरहद्दीवर लढणाऱ्या तुकड्यांची एक वेगळी फौज होती, तिला पुढे फ्रंटियर फोर्स म्हणायला लागले. गोरखा पलटणींपैकी त्यात फक्त पाचवी होती. म्हणूनच आजही तिच्या नावापुढे कंसात फ्रंटियर फोर्स असं लिहितात. सरहद्द गेली, अबोटाबाद गेलं, कंस मात्र टिकून आहे.

या काळातल्या लढाया म्हणजे अफगाणिस्तान, वझिरीस्तान, हुंझा. १८९१ मध्ये हुंझा-नगर मोहिमेत निल्टच्या किल्ल्याचा दरवाजा सुरुंगानं उडवून पलटण आत घुसली. त्या हल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्या लेफ्टनंट बॉइसरागनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इथं थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच्या मागून त्याच दरवाजातून, त्याच गोळीबारात जे गोरखे धावले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळणं शक्यच नव्हतं. १९११ पर्यंत हिंदुस्थानी फौजेतल्या देशी शिपायाला तो देतच नव्हते. त्यांच्यासाठी वेगळं पदक होतं. कौतुक पुष्कळ व्हायचं, बरोबरी मात्र नाही. हे या सगळ्या गोष्टीत अधूनमधून दिसत राहणार आहे.

अनवाणी पळालेला हवालदार

रेजिमेंटमधला माझा सगळ्यात आवडता माणूस लढाईतला नाही. त्याचं नाव हरकबीर थापा.

पाचव्या गोरखात चार्ल्स ग्रॅनव्हिल ब्रूस नावाचा एक अधिकारी होता. दणकट, हसरा, डोंगरवेडा. पुढे १९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांचा नेता झाला तोच हा. फौजेत हाफ पँट आणण्याचं श्रेयही त्यालाच देतात, कारण लांब पँट घालून डोंगर चढता येत नाही! आपल्या जवानांना तो डोंगरावरून सरळ वर आणि सरळ खाली पळण्याच्या शर्यतीत उतरवायचा.

१८९९ मध्ये ब्रूस हरकबीरला घेऊन स्कॉटलंडला गेला. तिथं स्काय नावाच्या बेटावर ग्लामेग म्हणून एक डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून थेट उठलेला, उंची साडेसातशे मीटरच्या वर, आणि वरचा भाग सगळा घसरत्या दगडांचा. हरकबीर पायथ्यापासून वर जाऊन परत आला. तिथल्या जमीनदाराचा विश्वासच बसेना. मग हरकबीर पुन्हा पळाला. वेळ लागला ५५ मिनिटं. आणि पठ्ठ्या अनवाणी होता.

आपल्या सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांनी जरा विचार करा. आपण महागडे ट्रेल शूज घालून कळसूबाईला धापा टाकतो. त्या बेटावर आजही ग्लामेगची शर्यत होते, आणि तिची गोष्ट हरकबीरपासूनच सुरू होते. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. "गांव में पानी लाने के लिए इतना तो रोज चढ़ते थे," म्हणाले.

खुकरी आणि पोस्टर

आता खुकरीकडे येऊ, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त थापा चालतात. २०२१ मध्ये 'गोरखा' नावाच्या हिंदी सिनेमाचं पोस्टर आलं होतं, आठवतंय? अक्षय कुमार हातात खुकरी घेऊन उभा. तेव्हा एका निवृत्त गोरखा अधिकाऱ्यानं सोशल मीडियावर नम्रपणे दाखवून दिलं की साहेब, धार चुकलीये. खुकरी तलवारीसारखी बाहेरच्या बाजूनं कापत नाही. तिची धार आतल्या, वाकलेल्या बाजूला असते. आपल्या कोयत्यासारखी म्हणा ना.

दुसरी थाप म्हणजे, खुकरी म्यानातून निघाली की रक्त चाखल्याशिवाय परत जात नाही. मंडळी, असं असतं तर नेपाळमध्ये रोज भाजी चिरताना बोटं कापून घ्यावी लागली असती. खुकरी हे घरातलं हत्यार आहे. लाकूड तोडायचं, चारा कापायचा, बकरं सोलायचं, सगळं तिनंच. म्यानाच्या मागे दोन छोट्या सुऱ्या असतात. एक कर्द, छोट्या कामांना. दुसरी चकमक, तिला धार नसते, ती धार लावायला आणि आग पाडायला. म्हणजे लढाईचं भूत एका बाजूला ठेवलं, तर खुकरी हा डोंगरातल्या माणसाचा टूलबॉक्स आहे.

पण पलटणीत तिला मान देवाचाच. दसरा, म्हणजे त्यांचा दशैं, हा गोरखा पलटणीचा सगळ्यात मोठा सण. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पूजतात ना, तसंच तिथंही बंदुका, मशिनगन, खुकऱ्या मांडून पूजा होते. आदल्या रात्री, म्हणजे कालरात्रीला, रात्रभर नाचगाणं. त्यात मारुनी नाचतात, म्हणजे पुरुषच बायकांचा वेश करून नाचतात, आपल्या तमाशातल्या नाच्याची आठवण यावी असं. बळी देण्याची प्रथाही होती. मान एकाच घावात उतरली, तर पलटणीला वर्ष चांगलं जाणार असं मानायचे. विजयादशमीला मोठ्यांकडून कपाळावर तांदळाचा टिळा. आणि पलटणीतला साहेब साताऱ्याचा असो की केरळचा, त्याला गोरखाली भाषा शिकावीच लागते. जवानांनी साहेबाची भाषा शिकायची नाही, साहेबानं जवानांची शिकायची. हे मला फार आवडतं.

विष्णुपूरचे दोन दिवस

दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटच्या चार गोरखा जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यातले तीन एकाच बटालियनचे, दुसऱ्या बटालियनचे. पहिला हवालदार गजे घले, मे १९४३, ब्रह्मदेशातले चिन डोंगर. हाताला, पायाला, छातीला जखमा झालेल्या असताना तो माणसं पुढे नेत राहिला.

बाकीचे दोन क्रॉस जून १९४४ मधले, दोन दिवसांत मिळालेले. जागा मणिपूरमधली, इम्फाळच्या दक्षिणेला, विष्णुपूरजवळ. जपानी फौज इम्फाळच्या तोंडाशी आली होती. पावसाळ्यातल्या चिखलात एक उघडीबोडकी टेकडी होती, तिचं नाव मॉर्टर ब्लफ. सुभेदार नेत्रबहादूर थापा थोडीशी माणसं घेऊन ती धरून बसले होते. २५ जूनच्या रात्री जपानी हल्ले सुरू झाले. एक गेला की दुसरा. जवानांमागून जवान पडत गेले, दारूगोळा संपत आला. मागे या, असं नेत्रबहादूर म्हणू शकले असते. त्यांनी उलट आणखी दारूगोळा आणि माणसं मागवली. सकाळी कुमक पोचता पोचता ते पडले. नंतर त्यांचा देह सापडला तेव्हा हातात खुकरी होती आणि शेजारी एक जपानी सैनिक मरून पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच बटालियनचा नाईक अगनसिंग राई आपल्या सेक्शनसह त्या टेकड्यांवर परत चढला. समोर मशिनगन, वरून तोफ. त्यानं एकामागून एक ठाणी घेतली. टेकडी परत आपल्याकडे आली.

चौथा क्रॉस रायफलमन थमन गुरुंगचा. इटली, नोव्हेंबर १९४४. आपली तुकडी मागे सरकू शकावी म्हणून तो डोंगराच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा एकटा उभा राहून गोळ्या झाडत राहिला. तो परत आला नाही. वय २०. तुमच्यातले किती जण आत्ता वीस वर्षांचे आहात? इटली कुठं, गोरखा कुठं, आणि ते युद्ध कोणाचं? हा प्रश्न मनात राहू द्या, आपण त्याच्याकडे येणार आहोत.

वाटणी

१९४७. देशाची वाटणी झाली तशी गोरखा रेजिमेंटचीही झाली. भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार झाला. एकूण दहा रेजिमेंट होत्या. चार ब्रिटनकडे गेल्या : दुसरी, सहावी, सातवी, दहावी. सहा भारतात राहिल्या : पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, आठवी, नववी. ज्या रेजिमेंट ब्रिटनकडे गेल्या त्यातल्या कितीतरी जवानांनी भारत निवडला, म्हणून आपल्याकडे ११ गोरखा नव्यानं उभी करावी लागली. कारगिलच्या कॅप्टन मनोज पांडेंची तीच. पाचवीचं अबोटाबाद मात्र पाकिस्तानात गेलं. आज तिचं केंद्र शिलाँगला आहे, आठव्या गोरखाबरोबर. म्हणून त्या केंद्राचं नाव ५८ गोरखा ट्रेनिंग सेंटर. अठ्ठावन्न नाही हं, पाच आणि आठ!

आणि लगेच पुढच्याच वर्षी ही रेजिमेंट आपल्या अंगणात आली. सप्टेंबर १९४८, हैदराबादची कारवाई. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना १७ सप्टेंबर वेगळा सांगायला नको, मुक्तिसंग्राम दिन. त्याच्या दोनच दिवस आधी, १५ सप्टेंबरला, तुंगभद्रेवरचा रेल्वे पूल ताब्यात घ्यायला पाचव्या गोरखाची पाचवी बटालियन पुढे सरकली होती. एका मशिनगननं सगळ्यांना खिळवून ठेवलं. नाईक नरबहादूर थापा मोकळ्या मैदानातून धावत गेला आणि खुकरीनं ती मशिनगन बंद केली. पुढे अशोक चक्र हा सन्मान सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या मानकऱ्यांमध्ये त्याचं नाव होतं. मराठवाड्याच्या मुक्तीच्या गोष्टीत एक नेपाळी डोंगरातला नाईकसुद्धा आहे, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

कारतूस साहेब

आता १९७१. या भागासाठी कितीतरी जण थांबलेत, मला माहितीये.

पाचव्या गोरखाची चौथी बटालियन. कमांडर लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर. नाव ऐकून कान टवकारले ना? नोव्हेंबरच्या एका रात्री या बटालियननं आजच्या बांगलादेशातल्या आटग्रामच्या ठाण्यावर हल्ला केला, हातबॉम्ब आणि खुकऱ्या घेऊन. हरोलीकरांना पुढे महावीर चक्र मिळालं.

याच बटालियनचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी लढाईत पडला. त्याच्या जागी आले मेजर इयान कार्डोझो. मुंबईत जन्मलेले, मुंबईतच शिकलेले, मग खडकवासल्याच्या एनडीएमध्ये घडलेले. जवानांना कार्डोझो हे नाव काही म्हणता येईना. मग त्यांनी त्यांचं बारसंच केलं : कारतूस साहेब!

७ डिसेंबर १९७१. बटालियनला हेलिकॉप्टरनं सिल्हेटजवळ, शत्रूच्या पिछाडीला उतरवलं. भारतीय लष्कराची ही अशी पहिली मोहीम मानली जाते. ४८ तासांत बाकीची फौज येऊन मिळेल असं सांगितलं होतं, म्हणून सामान कमी, दारूगोळा जास्त. प्रत्यक्षात किती दिवस लागले? नऊ. समोर सिल्हेटची मोठी छावणी. खरं तर चिरडून टाकायला हवं होतं त्यांनी. पण एक गंमत झाली. कार्डोझो सांगतात त्याप्रमाणे, बीबीसीच्या बातमीत आलं की सिल्हेटला गोरखांची ब्रिगेड उतरलीये. बटालियन नाही, ब्रिगेड! म्हणजे कितीतरी पट माणसं. आपल्या लोकांनीही ते ऐकलं आणि ठरवलं, ब्रिगेड तर ब्रिगेड. ते पांगून, जास्त जागा व्यापून बसले. शत्रू बिचकून राहिला. शेवटी शरण आले ते हजारोंच्या संख्येनं, आणि मग त्यांना कळलं की समोर किती कमी माणसं होती.

या मोहिमेत कार्डोझोंचा पाय सुरुंगावर पडला. पायाच्या चिंधड्या झाल्या. मॉर्फिन नव्हतं. पाय कापायला काही साधन नव्हतं. त्यांनी आपल्या जवानाकडे खुकरी मागितली आणि म्हणाले, काप. तो म्हणाला, साहेब, माझ्यानं होणार नाही. मग त्यांनी स्वतःच कापला. पुढचं ऑपरेशन ज्यानं केलं तो पकडला गेलेला पाकिस्तानी सर्जन होता, मेजर मोहम्मद बशीर. कार्डोझो नंतर मुलाखतींमधून हे आवर्जून सांगत आलेत.

पण मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना लाकडी पाय बसवला. आणि लष्कर म्हणालं, आता टेबलावरचं काम करा. ते म्हणाले, मी बटालियन कमांड करणार. लाकडी पायानं परीक्षा दिल्या, धडधाकट अधिकाऱ्यांना मागे टाकलं, डोंगर चढून दाखवले. शेवटी त्यांना पाचव्या गोरखाचीच पहिली बटालियन मिळाली. पुढे ब्रिगेड, आणि मेजर जनरल म्हणून निवृत्ती. पाय कापायला लागला तो एक क्षण. परत उभं राहायला लागली ती वर्षं. रील पहिल्याचीच बनते, दुसऱ्याची नाही.

अवघड प्रश्न

आता तो मघाचा प्रश्न. वीस वर्षांचा थमन इटलीत कोणासाठी मेला?

गोड गोड बोलून हा भाग संपवता आला असता, पण ते बरोबर नाही. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला जनरल डायरबरोबर जे सैनिक होते त्यात गोरखे होते. पाचव्या रेजिमेंटचे नव्हते, नवव्या गुरखा रायफल्सचे होते. पण होते. इंग्रजांनी काही समाजांना लढाऊ जमात असं लेबल लावलं आणि त्यांना स्वतःच्या साम्राज्यासाठी वापरलं. शूर, निष्ठावान, साधा, फार प्रश्न न विचारणारा, असं जे चित्र रंगवलं ते कौतुक होतं, पण त्यात सोयही होती. जो प्रश्न विचारत नाही तो नोकर म्हणून कोणाला नको असतो? मरायला न घाबरणारा गोरखा हे आपले व्हॉट्सॲप फॉरवर्ड आणि दारावरचा बहादूर, ही मला एकाच चित्राची दोन टोकं वाटतात. दोन्हीकडे माणसाला नाव नाही.

मी काकांना एकदा विचारलं होतं, दाजु भरती का झाला? देशासाठी? शौर्यासाठी? ते म्हणाले, "खेत छोटा था, भाई चार." बस्स. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पर पलटन मिल गया ना, तो फिर पलटन का हो गया." मला वाटतं या दोन वाक्यांत दोनशे वर्षं आली. जातो तो पोटासाठी. टिकतो तो शेजारच्या खंदकातल्या माणसासाठी.

दाजु शिकला, मुलांना शिकवलं, निवृत्त झाला. त्याची पेन्शन भारत सरकारकडून पोखऱ्यात मिळायची. भारताची पेन्शन कार्यालयं नेपाळमध्ये आहेत, काठमांडू, पोखरा आणि धरानला. त्या पेन्शनवर गावात पक्कं घर झालं, नळ आला. अशी कितीतरी गावं आहेत.

पुढे काय?

आता शेवटची गोष्ट. जून २०२२ मध्ये आपल्याकडे अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारातल्या एकालाच कायम ठेवायचं. ऑगस्टमध्ये नेपाळमध्ये भरती व्हायची होती. नेपाळ सरकार म्हणालं, थांबा. १९४७ च्या करारात हे बसत नाही, आणि चार वर्षांनी परत येणाऱ्या प्रशिक्षित तरुणांचं आम्ही करायचं काय? भरती थांबली. कोविडमुळे त्याआधीची दोन वर्षंही भरती नव्हती. भारतातले गोरखा तरुण, म्हणजे दार्जिलिंग, सिक्कीम, देहरादून, धर्मशाळेकडचे, ते येतायत. पलटणी बंद पडलेल्या नाहीत. पण नेपाळच्या डोंगरातून येणारी ती दोनशे वर्षांची वाट अडली.

कोण बरोबर, कोण चूक, यावर तुमची मतं असतील. माझ्याकडे सोपं उत्तर नाही. भारताला खर्च आणि फौजेचं वय बघायचं आहे. नेपाळला आपला स्वाभिमान आणि आपली मुलं बघायची आहेत. दोघांचंही खोटं नाही.

पण काकांचा नातू, म्हणजे दाजुच्या मुलाचा मुलगा, तो २०२२ मध्ये १८ वर्षांचा होता. पोखऱ्यात दोन वर्षं पहाटे पाठीवर वाळूची टोपली घेऊन डोंगर चढत होता, भरतीच्या तयारीसाठी. त्याची छाती कमी पडली नसती, काका सांगतात. भरतीच आली नाही. त्याच्या क्लासमधले काही आखाती देशांत गेले. २०२३ मध्ये तर काही नेपाळी तरुण रशियाच्या फौजेत भरती होऊन युक्रेनच्या युद्धात मेल्याच्या बातम्या आल्या, तुम्हीही वाचल्या असतील. लाहुरे शब्दाला नवा पत्ता मिळाला म्हणायचा. काकांच्या घरात त्या बातम्या फार भीतीनं ऐकल्या गेल्या. पोरगा शेवटी कतारला गेला. सिक्युरिटी गार्ड आहे एका इमारतीत.

हे ऐकलं तेव्हा मी काही बोलू शकले नाही. पणजोबांच्या पिढीपासून सुरू झालेली वाट पुन्हा एका इमारतीच्या दाराशी येऊन थांबली होती. काका मात्र म्हणाले, "चलो, ड्यूटी तो ड्यूटी है."

काका आता गावी असतात. या भागासाठी त्यांना व्हिडिओ कॉल केला होता. मागे भिंतीवर तोच फोटो, तिरकी हॅट. मी विचारलं, नाव घेऊ का तुमचं पॉडकास्टमध्ये? म्हणाले, नको, गाववाले हसतील. म्हणून नाव सांगत नाही. पण मला ते माहीत आहे. आठ वर्षं रोज बघून जे विचारलं नव्हतं, ते त्या पेढ्यांच्या दिवशी विचारलं. आणि ते बहादूर नाही.

आज रात्री घरी जाताना गेटवर जे कोणी असतील, त्यांना नाव विचाराल? एवढंच. कोणी सांगावं, त्यांच्याही खोलीत एखादा फोटो असेल. नसला तरी नाव तर असेलच.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा.